डब्यावरचे ‘पेटंट’ आणि दावणीची गाय



आज मी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द परका आहे, पण आता तो गावोगाव पोचला आहे. खुराकाच्या पोत्यावर तो छापलेला असतो, औषधाच्या डब्यावर असतो, गाईच्या गळ्यात बांधायच्या यंत्रावरही असतो. तो शब्द म्हणजे ‘पेटंट’. हा शब्द वाचला की आपला हात आपोआप खिशाकडे जातो. तो जाण्याआधी काय बघायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे, म्हणून सांगायला संकोच नाही.

माझ्या भागात एक वयस्कर शेतकरी आहेत. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. त्यांची एक संकरित गाय दुसऱ्या वेताला चौदा लिटर दूध देत होती. महिन्याभरात ती अकरा लिटरवर आली. त्याच सुमारास एक विक्रेता दारात आला आणि त्याने दूध वाढवणारी भुकटी दाखवली. डब्यावर ठळक अक्षरांत ‘पेटंट’ लिहिलेले. मी त्या दिवशी योगायोगाने तिथेच होतो. तात्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि विचारले, “साहेब, घेऊ का?” मी डबा फिरवून पाहिला आणि म्हणालो, “पेटंट आहे म्हणजे तपासलेलंच असणार. घ्या.”

तात्यांच्या घरच्या काकू चुलीजवळून म्हणाल्या, “मागच्या उजव्या सडाचं दूध मला खारट लागतंय हो, आणि दहीही नीट लागत नाही.” तात्या काही बोलले नाहीत. मीही मनावर घेतले नाही.

दीड महिना भुकटी खाऊ घातली. दूध अकराचे नऊ झाले. मग एक दिवस कास गरम लागली, सडातून गाठी आल्या, आणि डॉक्टरांना बोलावले. गाय वाचली, पण तो सड गेला. पुढच्या वेतालाही त्यातून धार निघाली नाही. भुकटीने गाईला विष घातले असे माझे म्हणणे नाही. भुकटी भुकटीच्या जागी असेल. पण दुखणे कासेत होते आणि आम्ही औषध पोटात घालत होतो. आणि मला पेटंट या शब्दाचा खरा अर्थ सांगता आला नाही, ही माझी चूक.

तो अर्थ आता नीट सांगतो.

पेटंट म्हणजे सरकारने शोध लावणाऱ्याला दिलेला एक हक्क. आपल्या देशात यासाठी १९७० चा पेटंट कायदा आहे आणि तो १९७२ पासून लागू झाला. अर्ज आला की पेटंट कार्यालय तीन गोष्टी बघते. शोध नवा आहे का? त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचला नसता असा आहे का? आणि तो उद्योगात वापरता येण्यासारखा आहे का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असले, तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे तो शोध दुसऱ्या कोणी परवानगीवाचून बनवायचा किंवा विकायचा नाही, असा हक्क मिळतो. त्याच्या बदल्यात शोध कसा केला हे अर्जात उघड लिहून द्यावे लागते. वीस वर्षे संपली, किंवा दर वर्षीची फी भरली नाही, की तो शोध सगळ्यांचा होतो.

आता यात एक गोष्ट कुठेच आली नाही, ती ध्यानात घ्या. तुमच्या गोठ्यात, तुमच्या वैरणीवर, तुमच्या गाईचे दूध वाढेल का, हे पेटंट कार्यालय बघत नाही. ते त्याचे कामच नाही. जमिनीचा सातबारा जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगतो. त्या जमिनीत ऊस किती टन निघेल हे सांगत नाही. तसेच पेटंटचे आहे. तो शोधाचा सातबारा आहे, पिकाची हमी नव्हे.

आणखी एक. ‘पेटंट पेंडिंग’ असे लिहिलेले असले, तर अर्ज नुसता केलेला आहे, पेटंट मिळालेले नाही. पेटंट नसताना ते आहे असे खोटे छापणे हा कायद्याने दंडाला पात्र असलेला प्रकार आहे. खऱ्या पेटंटला क्रमांक असतो. तो विक्रेत्याकडे मागावा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून कोणालाही फुकट बघता येते. घरातला शिकणारा मुलगा-मुलगी हे काम पाच मिनिटांत करील.

आता दुधाच्या धंद्यात हा शब्द जिथे जिथे भेटतो, अशा तीन जागा घेऊ. पहिली तपासणी, दुसरी खुराक आणि तिसरी वर्दी देणारी यंत्रे. हा क्रम मी मुद्दाम लावला आहे. खर्चही याच क्रमाने करावा.

पहिली जागा, तपासणी.

कासदाह, म्हणजे आपण ज्याला दगडी म्हणतो तो रोग, दोन रूपांत येतो. एक उघड दिसतो: कास सुजते, गरम होते, दुधात गाठी येतात. दुसरा लपून राहतो. दूध दिसायला चांगले, गाय खाते-पिते, पण दूध हळूहळू कमी होत जाते. तात्यांच्या गाईला आधी हा लपलेला रोग होता. काकूंना दूध खारट लागले ते अगदी खरे होते. रोगी सडाच्या दुधात क्षार वाढतात, आणि क्षार वाढले की त्या दुधातून वीज जास्त वाहते. कासदाह ओळखणारी जी विजेवरची यंत्रे बाजारात मिळतात, ती हेच मोजतात. म्हणजे यंत्र जे सांगते ते काकूंच्या जिभेने आधीच सांगितले होते. मात्र कच्चे दूध चाखून बघण्याचा सल्ला मी देणार नाही, त्यातून माणसाला रोग जडू शकतात.

त्याऐवजी एक सोपी तपासणी आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले पशुवैद्यक शाल्म आणि त्यांचे सहकारी नूरलँडर यांनी १९५७ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिला ‘सीएमटी’ म्हणतात. चार वाट्यांची एक प्लास्टिकची पाटी असते, एका सडाला एक वाटी. पहिल्या दोन-तीन धारा बाजूला काढून टाकायच्या. मग प्रत्येक सडाचे थोडे थोडे दूध आपापल्या वाटीत घ्यायचे आणि तितकेच तपासणीचे द्रावण घालायचे. पाटी हलक्या हाताने गोल गोल दहा सेकंद फिरवायची आणि फिरवतानाच बघायचे. दूध पातळ राहिले तर सड निरोगी. दूध घट्ट, चिकट, पेजेसारखे झाले तर त्या सडात रोग आहे. रोगाशी लढायला शरीराने पाठवलेल्या पेशी दुधात वाढलेल्या असतात. द्रावणाने त्या फुटतात आणि त्यांच्या आतल्या द्रव्यामुळे दूध घट्ट होते. एवढेच त्यातले शास्त्र.

द्रावण मिळाले नाही तरी अडून बसू नका. पाकिस्तानातल्या फैसलाबाद कृषी विद्यापीठातील पशुवैद्यकांनी याच तत्त्वावर कपडे धुण्याच्या पावडरीची तपासणी बसवली. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर विरघळवावी. एका सडाचे दूध आणि तितकेच हे पाणी वाटीत घेऊन अर्धा-एक मिनिट फिरवावे. घट्ट झाले की समजावे. असे दूध ओतून द्यावे, चरवीत परत टाकू नये, आणि वाट्या व हात स्वच्छ धुवावेत. व्याल्यावरचे पहिले चार-पाच दिवस आणि गाय आटत आलेली असताना ही तपासणी करू नये. त्या काळात निरोगी सडाचे दूधही घट्ट होऊ शकते.

पंधरा दिवसांतून एकदा एवढे केले तर लपलेला चोर दारातच सापडतो. सापडला की औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढेही ते दूध डेअरीत घालू नका. निरोगी गाईची धार आधी काढा, रोगी गाईची शेवटी. धार काढल्यावर सड जंतुनाशक द्रावणात बुडवा. आणि लगेच वैरण टाका, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील. धार काढल्यानंतर सडाचे तोंड काही वेळ उघडे असते. गाय लगेच शेणात बसली की जंतूंना वाट मोकळी मिळते.

दुसरी जागा, खुराक.

गाईचे कोठीपोट म्हणजे जंतूंनी भरलेला मोठा रांजण आहे. हे जंतू उपकारी आहेत. कडबा ते पचवतात म्हणून तर गाय जगते. पण आपण महागाची पेंड घालतो, तिच्यातली बरीचशी प्रथिनेही हेच जंतू फोडून टाकतात. त्यातला काही भाग त्यांच्या वाढीला लागतो आणि उरलेला शेवटी मुतातून वाहून जातो. ऑस्ट्रेलियातल्या सरकारी संशोधन संस्थेत फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांची लोकर वाढावी म्हणून यावर काम केले आणि १९६७ मध्ये ते प्रसिद्ध केले. प्रथिनांवर फॉर्माल्डिहाइडची मोजून प्रक्रिया केली की कोठीपोटातले जंतू ती फोडू शकत नाहीत. पुढे चौथ्या पोटातल्या आम्लात ती मोकळी होतात आणि आतड्यात गाईच्या अंगी लागतात. या पद्धतीचे अमेरिकेत १९७१ मध्ये पेटंटही झाले. त्याची मुदत केव्हाच संपली. आज आपल्याकडे ‘बायपास प्रोटीन’ नावाने जो खुराक मिळतो, त्याच्या मुळाशी हाच शोध आहे. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने हे तंत्र आपल्या पेंडींवर बसवून खुराकाच्या कारखान्यांपर्यंत पोचवले.

आता तुम्ही म्हणाल, मग हा खुराक सगळ्यांनीच घ्यावा का? तर नाही. दिवसाला तीन-चार लिटर देणाऱ्या गाईला त्याची गरज नाही. तिला पोटभर चांगली वैरण, थोडा साधा खुराक आणि क्षार मिश्रण पुरते. नुकती व्यालेली आणि जास्त दूध देणारी गाय-म्हैस असेल, तर तिला या खुराकाचा उपयोग होतो. सरकी पेंड आणि मक्याचे ग्लुटेन यांतली प्रथिने मुळातच कोठीपोटात सावकाश फुटतात. भुईमुगाच्या पेंडीतली लवकर फुटतात. नुसती भुईमूग पेंड घालण्यापेक्षा तिच्याबरोबर सरकी पेंड मिसळली तरी थोडा फायदा मिळतो. पण कानाला खडा लावून ऐका: फॉर्माल्डिहाइड घरी आणून पेंडीवर मारण्याचा उद्योग कोणी करू नये. ते विषारी आहे, आणि प्रमाण थोडे जास्त झाले तर पेंड गाईलाही पचत नाही.

पोत्यावर काय बघायचे? पेटंटच्या आधी भारतीय मानक ब्युरोची खूण बघा. गाईच्या तयार खुराकासाठी आय.एस. २०५२ आणि क्षार मिश्रणासाठी आय.एस. १६६४ ही मानके आहेत. पोत्यात काय आणि किती आहे, ते ही खूण सांगते. पेटंट ते सांगत नाही.

तिसरी जागा, वर्दी देणारी यंत्रे.

गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. माज चुकला की २१ दिवस गेले. दिवसाला दोनशे रुपयांचा खुराक-वैरण धरली, तर एका चुकलेल्या माजाचे ४,२०० रुपये झाले. शिवाय पुढचे वेत तितके लांबले ते वेगळेच. माजावर आलेली गाय अस्वस्थ असते, जास्त चालते. अमेरिकेतले शास्त्रज्ञ किडी यांनी गाईंच्या पायाला चाल मोजणारे यंत्र बांधून हे मोजले आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. माजाच्या काळात गाईची हालचाल कित्येक पटींनी वाढलेली आढळली. पायातल्या आणि गळ्यातल्या यंत्रांचा पाया हा आहे. आता काही पट्टे रवंथही मोजतात आणि रवंथ कमी झाली की आजाराची वर्दी मालकाच्या मोबाइलवर देतात.

यंत्र चांगले आहे. मुक्त गोठ्यात चाळीस गाई असतील, गडीमाणसे बदलत असतील, तर ते पैसे फेडील. म्हशींचा माज मुका असतो, बहुतेक रात्री येतो, तिथेही त्याची मदत होऊ शकते. पण दावणीला दोनच गाई असतील आणि त्या दिवसभर बांधलेल्या असतील, तर चालच नाही तर यंत्र मोजणार काय? शिवाय वस्तीवर मोबाइलला रेंज आहे का, बॅटरी किती वर्षे चालते, बिघडले तर दुरुस्तीला कोण येणार, हे विचारूनच घ्या.

दोन-चार जनावरांच्या धन्याला वर्दी देणारे यंत्र घरातच आहे. पहाटे धारेआधी आणि रात्री झोपण्याआधी गोठ्यात दहा मिनिटे नुसते उभे राहायचे. गाय हंबरते का, दुसरीवर चढते का, सोट पारदर्शक आहे का, दूध एकदम कमी झाले का, एवढे बघायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेवर खूण करायची. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी गाय भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. १९४० च्या दशकात अमेरिकेत ट्रिमबर्गर यांच्या अभ्यासातून हा नियम आला आणि आज जगभर वापरला जातो. तो वापरायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

बंधूंनो, पेटंट म्हणजे फसवणूक असा अर्थ मात्र काढू नका. शोध लावणाऱ्याच्या कष्टाला मोल मिळालेच पाहिजे. तुमच्यापैकी कोणी वैरण कापायचे, धार काढायचे किंवा शेण उचलायचे नवे अवजार बनवले असेल, तर ते जाहीरपणे दाखवण्याआधी अर्जाची चौकशी करा. एकदा सगळ्यांना दाखवले की ते ‘नवे’ राहत नाही आणि हक्क मिळणे अवघड होते. गावातल्या साध्या माणसांच्या शोधांना मदत करण्यासाठी २००० साली गुजरातेत राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान स्थापन झाले आहे. ते पेटंटच्या कामातही साहाय्य करते. मात्र शेती करण्याच्या पद्धतीला आणि जनावरांवर उपचार करण्याच्या पद्धतीला आपल्या कायद्याने पेटंट मिळत नाही. त्या सर्वांसाठी मोकळ्या आहेत.

आणि जे आधीपासून सगळ्यांचे आहे, त्यावर कोणी हक्क सांगितला तर तो काढूनही घेता येतो. जखमेला हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, त्याला आव्हान दिले. जुन्या ग्रंथांतले आणि छापील लेखांतले पुरावे मांडले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आपल्या आजीच्या डब्यातली हळद आपलीच राहिली, ती लिहून ठेवलेल्या पुराव्यांमुळे. म्हणून तुम्हीही लिहून ठेवायची सवय लावा. गाय कधी व्याली, कधी माजावर आली, किती दूध दिले, कोणता खुराक कधी सुरू केला, सगळे वहीत असू द्या. नवा खुराक सुरू करण्याआधी आठ दिवसांचे आणि नंतर महिनाभराचे दूध मोजून लिहा. मग विक्रेत्याचे बोलणे खरे की खोटे, ते वहीच सांगेल.

तात्यांच्या घरी आता सीएमटीची पाटी खुंटीला टांगलेली असते. दर पंधरा दिवसांनी काकूच तपासणी करतात. मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या गाईचा एक सड त्यांनी वेळेवर ओळखला. १९६२ क्रमांकावर फोन करून डॉक्टरांना बोलावले आणि तो सड वाचला. परवा मी गेलो तेव्हा पुन्हा एक विक्रेता ओट्यावर बसला होता, डब्यावर तोच शब्द. तात्यांनी या वेळी मला विचारले नाही. ते काकूंकडे वळून म्हणाले, “आधी पाटी लाव, मग बघू.”

जाता जाता चार गोष्टी पुन्हा सांगतो:

१. पेटंट शोध नवा असल्याचा दाखला देते; गुणाची हमी देत नाही. क्रमांक मागा.

२. दूध कमी झाले की आधी कास तपासा, मग खुराक बदला.

३. पोत्यावर मानक ब्युरोची खूण बघा आणि खुराक गाईच्या दुधाच्या मानाने द्या.

४. यंत्र घेण्याआधी जनावरे मोजा, रेंज बघा, दुरुस्तीची सोय विचारा.

आणि पाचवी गोष्ट मी माझ्यासाठी लिहून ठेवली आहे: गोठ्यात रोज धार काढणाऱ्या माणसाचे म्हणणे आधी ऐकायचे, डबा मागाहून वाचायचा.

नमस्कार.